नियमांच्या पुस्तकाची सुटी पानं

पक्षाघाताच्या झटक्याने ताईच्या डाव्या हातातलं बळ गेलं तेव्हापासून मला एकाच गोष्टीची धास्ती होती: ती आता खेळ सोडेल. डॉक्टर म्हणत, थोडक्यात निभावलं, चालते आहे, बोलते आहे, आणखी काय पाहिजे? मला पाहिजे होतं. दर रविवारी दुपारी कॉलेज रोडवरच्या तिच्या घरी आम्ही चौघं टेबलाभोवती बसतो आणि मिळून एक गोष्ट खेळतो. तिघांचं प्रत्येकी एक पात्र. बाकी सगळं जग, म्हणजे राजे, राक्षस, धर्मशाळांचे मालक, पाऊसपाणी, ताई चालवते. अडलं की फासे टाकायचे आणि पुढे काय होतं ते नियमांच्या पुस्तकात बघायचं. नोकऱ्या आणि मुलांच्या परीक्षांतून आमचा रविवार वाचला तो केवळ तिच्या हट्टामुळे.

ते पुस्तक म्हणजे धोंडाच. जाड पुठ्ठा, चकचकीत कागद, वर ताईने शाळेच्या पुस्तकासारखं घातलेलं खाकी कव्हर. आजारानंतरच्या पहिल्या रविवारी तिने ते उजव्या हाताने उघडलं, फासे घ्यायला हात काढला आणि ते मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्ट करणारा आमचा मित्र छताकडे बघायला लागला. दुसरा मित्र, दिंडोरीचा द्राक्षबागायतदार, म्हणाला, "लय गरम होतंय ना आज," आणि बाहेर तर कडाक्याची थंडी होती. आपण काही पाहिलंच नाही हे दाखवायची आमची एवढी धडपड चालली होती की तिला ते कळणारच होतं. "दमले गं," म्हणत तिने खेळ लवकर आवरला.

मला काही सुचेना. टॅबलेटवर पुस्तक घालून दिलं, तर तिने जरा वेळ बोट सरकवलं आणि वैतागून बाजूला ठेवलं. "मला नियम पाठ नसतात, त्यांच्या जागा पाठ असतात. विषाचं डाव्या पानावर खाली, कडा कोसळण्याचं उजवीकडे चौकटीत. ह्याच्यात डावं-उजवं कुठंय?" मग मी सासूबाईंचं पोथी ठेवायचं लाकडी स्टँड नेलं. पुस्तकाच्या वजनाने ते पुढे कलंडलं. मी धरायला धावले. ताईने एकदा स्टँडकडे, एकदा पुस्तकाकडे पाहिलं.

"स्टँड बरोबर आहे, पुस्तक चुकलंय," ती म्हणाली. "पोथी शिवलेली असते का? सुटी पानं असतात. एक उचलायचं, पालथं ठेवायचं. एका हाताचं काम."

म्हणजे पुस्तकाची पाठ कापायची. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करायचा, अशा घरात आम्ही वाढलेल्या. झेरॉक्सच्या दुकानात कागद कापायच्या मशीनपुढे मी ते आधी कपाळाला लावलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, परत चिकटवता नाय येणार हां." पातं खाली आलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. रिक्षात तो गठ्ठा मी छातीशी धरून बसले. एक पान उडालं असतं तरी मला ते अपशकुनासारखं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून खिडक्या लावून आम्ही बसलो. ताईने पानांभोवती पोथीसारखं बांधलेलं लाल फडकं सोडलं, पान उचललं, वाचलं, पालथं ठेवलं. शिवाय ज्याला जे लागेल ते पान त्याच्या हातात; पुस्तकाची ओढाओढ नाही. "आयला, हे आधीच करायला पायजे होतं," एकलहऱ्याचा मित्र म्हणाला. माझा जीव भांड्यात पडतोय तोच उठताना तिने राक्षसांच्या पानांचा सगळा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

"पुढच्या वेळी तू चालव."

"आणि तू?"

"मी खेळणार. इतकी वर्षं तुम्हांलाच मारतेय. मला कधी कुणी मारलंय का?"

सगळे हसले, मीही हसले, पण आठवडाभर मनात एकच: ही सोडायचीच पहिली पायरी.

रविवारी ताई पात्र म्हणून एक म्हातारी, खाष्ट तलवारबाज घेऊन आली आणि सगळ्यांच्या आधी गुहेत शिरली. माझ्या राक्षसाने गदा हाणली. चालवणाऱ्यासमोर पुठ्ठ्याचा एक आडोसा असतो, त्यामागे मी फासे टाकले. आकडा मोठा पडला. मला दवाखान्यातली ती खाट दिसली, तोंडाला नळी लावलेली ताई दिसली.

"जरासंच लागलंय," एकाच फाशाचा आकडा सांगत मी म्हणाले.

"त्या पानावर उजवीकडे खाली बघ. दोन फासे लिहिलेत. दोन पडलेले ऐकले मी, तू एकच धरलास."

मी उगीच पानं चाळली. "अगं, पण मग तू मरतेस."

"मरेन की." ती हसत नव्हती. "घरी सगळे मला काचेच्या भांड्यासारखं वागवतात. चहाचा कपसुद्धा उचलू देत नाहीत. इथे तरी मला नियमाने मार."

मी आडोसा बाजूला केला, दोन्ही फासे सगळ्यांसमोर पुन्हा टाकले आणि पानावर लिहिलं होतं तेवढं तिला लागू दिलं.