वाजवून घेतलेला माठ

त्र्यंबक मागे पडलं आणि रस्त्याने आपले गुण दाखवायला सुरुवात केली. रस्ता आपला म्हणायचा! बैलगाडीचं एक चाक दगडावर, दुसरं खड्ड्यात, आणि मध्ये मी, देवाचं नाव घेत. गाडीवान देवजी मात्र निवांत होता.

"एवढ्या लांब कशाला निघाला, भाऊ?"

"जव्हारहून माठ आणायला."

"नाशकाचे कुंभार कुठं गेले?" असं म्हणून तो जो हसत सुटला, तो मोखाड्यापर्यंत.

हसणारच. पण घरी आई महिनाभर अंथरुणाला खिळली होती. अन्न तुटलं होतं, पाण्याचाही घोट घेऊन तोंड फिरवायची. "गोड नाही रे लागत. जव्हारच्या माठातलं असतं तर प्याले असते," म्हणायची. जव्हार तिचं माहेर. वैद्यांनी हात टेकले, तेव्हा म्हटलं, हा हट्ट तरी पुरवू.

पोशेऱ्याला बैल सोडले. एका घरी नागलीची (नाचणीची) भाकरी आणि झणझणीत ठेचा मिळाला. "खाल्ल्याबिगर जायचं नाय, दादा," घरधनीण दारातच आडवी उभी राहिली. बाहेर मोह फुलला होता. त्या वासाने आजोळच्या साऱ्या सुट्ट्या अंगावर धावून आल्या.

जव्हारचा राजवाडा दिसला. मामा-मामी केव्हाच गेले. त्यांच्या ओटीवर आता परकी माणसं बसलेली. तिथे पाय घुटमळले, पण थांबलो नाही. तडक कुंभारआळी गाठली.

आवा (मडक्यांची भट्टी) नुकताच उघडला होता. राखेत अजून ऊब होती. मी घाईत, दाढी वाढलेली, कपडे धुळीने माखलेले. "एकच माठ हवाय," म्हणालो आणि हाताला लागला तो उचलून चालू लागलो.

"दाम घ्या," म्हणताच कुंभारीणबाईने हात मागे घेतला. डोक्यावरचा पदर सावरला आणि हळूच विचारलं, "कोन गेलं, दादा?"

माझं टाळकंच सणकलं. "कोण जाणार? काय वाटेल ते बोलता! आईला पाणी प्यायला हवाय!"

"अरे देवा!" तिने माठ माझ्या हातातून ओढूनच घेतला. "मंग वाजवला का नाय? एकलं मडकं, न वाजवता, मयतालाच नेतात. ते फुटायचंच असतं, त्याला कोन पारखतं? ह्यो आता पान्याला नाय चालायचा."

तिने दुसरे माठ पुढे मांडले. मी एकेक वाजवू लागलो आणि आईच समोर उभी राहिली. माहेरपणाला आली की ती याच आळीत बोट वाकवून एकेक माठ ठोकायची, कान देऊन ऐकायची, नाक मुरडून बाजूला सारायची. "वन्सं, माठ घेताय की जावई?" मामी चिडवायची. मला तेव्हा या वेळकाढूपणाचा कंटाळा यायचा. आज मात्र हातातून माठ सुटेना. अखेर एक खणखणीत बोलला.

बाईने त्यात मूठभर नागली टाकली. "रिकामा न्यायचा नाय. आईला सांगा, माहेरचं हाय."

परतीच्या घाटात गाडी कलंडली. माझं कोपर सोलून निघालं, पण मांडीवरचा माठ शाबूत राहिला. "लेकरूच घेतलंय जनू," देवजी म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

घरी माठ उशाशी ठेवला, तर आईचा पहिला प्रश्न, "वाजवून घेतलास ना?"

"हो गं."

तिचा विश्वास बसला नाही. काटकुळं बोट वाकवून तिने स्वतः वाजवला, आणि हसली. माठ भिजवून भरला, तेव्हा भांडंभर पाणी घटाघटा प्यायली. हळूहळू उठून बसली. त्या माठाने आम्हाला तिचे आणखी दोन उन्हाळे दिले, असंच मी मानतो. कोणी काही म्हणो.

मग एका सकाळी मी नाशकातल्या कुंभारापुढे उभा राहिलो. एकटाच. त्याने मडकं पुढे केलं आणि माझं बोट सवयीने वाकलं. तो बघत होता. मी हात मागे घेतला आणि मडकं तसंच उचललं.