घाट चढणारी मोटार

त्याचं नाव मीच कागदावर लिहिलं होतं, पण आता आठवत नाही. पाय आठवतात. माझी जुनी मोटार घ्यायला अणदूरहून आला, तेव्हा त्यानं वहाणा बाहेर काढल्या आणि देवळात जावं तसा अनवाणी मोटारीत बसला. मेंढरं विकून मोटार घ्यायची आणि भाडी मारायची, असा त्याचा बेत होता. त्यानं एवढंच विचारलं, "तुळजापूरचा घाट चढती का, साहेब?"

"मी स्वतः नेलीय वर," मी म्हणालो.

नेली होती. निम्म्या घाटात पाणी उकळून ती बंद पडली आणि चौघांनी ढकलत वर नेली, हे मी सांगितलं नाही. मी वकील. 'आहे त्या स्थितीत दिली, मागाहून तक्रार चालणार नाही,' असा कागदही केला. वाचून दाखवायला लागलो, तर अंगठा पुढं करत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमी सांगितलं न्हवं?"

उन्हाळ्यात एसटीनं तुळजापूरला निघालो, तर घाटात तीच मोटार उभी. चाकामागं दगड. तो तापलेल्या डांबरावर अनवाणी उभा राहून इंजिनात पाणी ओतत होता. त्याची भाड्याची माणसं आमच्या गाडीत चढू लागली. खिडकीत मला पाहून त्यानं हात जोडले आणि त्यांना म्हणाला, "ह्या वकीलसाहेबांचीच मोटार. त्यांच्या हातात घाट चढत हुती. माझाच हात बसंना."

शेजारी बसलेल्यानं कौतुकानं विचारलं, "कशी चढवत हुता हो, साहेब?"

तेव्हाही त्या चौघांचं मी बोललो नाही.