कासवाची जांभई आणि आईची मीठ-मोहरी

मंडळी, आज दुपारी मी राहतो त्या बरक्याहून व्हिडिओ कॉलवर आईला माझं कासव दाखवत होतो. नेमकं तेव्हाच त्याने लागोपाठ दोन जांभया दिल्या.

"दृष्ट लागली रे त्याला," आई गावाहून म्हणाली.

मी समजावलं, कासवं अधूनमधून जांभई देतातच. सतत तोंड उघडं राहिलं किंवा नाक गळलं, तरच डॉक्टर. पण ती मीठ-मोहरी घेऊन आलीच आणि फोनसमोर मुठी फिरवू लागली. लहानपणी माझी दृष्ट काढताना तिलाच जांभया यायच्या. जितक्या जांभया, तितकी दृष्ट मोठी.

कासवाच्या वेळी तिला एकही आली नाही.

"आता तू फुडे बस."

चाळिशीचा मी, फोनसमोर बसलो. तिला जांभयांवर जांभया.

तुमची दृष्ट शेवटची कधी काढली होती कोणी?