हाड

दिवाणी न्यायालयात मी बेलीफ होतो. समन्स बजावणे, जप्ती करणे, ताबा देणे ही माझी कामे. बीड जिल्ह्यातल्या बहुतेक गावांची पहिली ओळख मला तिथल्या कुत्र्यांनी करून दिली. बेलीफ आला की घरातला माणूस मागच्या दाराने जातो आणि कुत्रे पुढच्या दाराने येते. ‘छू’ कोण म्हणाले, हे अहवालात लिहिता येत नाही. एक काठी आणि ‘हाड’ हा शब्द, एवढ्या दोन हत्यारांवर मी नोकरी काढली. कुत्र्यांविषयी माझे मत चांगले नव्हते. आजही फारसे नाही.

निवृत्तीनंतर लिंबागणेशला परतलो आणि घरात कुत्रा आला. पत्नीने आणला. मेंढ्या घेऊन पुढे निघालेल्या एका मेंढपाळाने ते पिलू मागे टाकले होते, कारण गावातल्या कुत्र्यांनी त्याला फाडले होते. एक कान अर्धा गेला होता. जखमा भरल्या. भीती राहिली.

घरात तो शांत असे. दोरीला धरून बाहेर नेला आणि परका कुत्रा दिसला, की आधी तो जमिनीला चिकटे. शेपूट पोटाखाली जाई. मग एकाएकी उलटा फिरून जवळ जे असेल त्याला चावे. जवळ बहुधा मी असे. एकदा शेजारी होता.

शेजाऱ्याला सुई टोचून आणण्याचे काम मी केले. कुत्र्याला लस पूर्वीच दिलेली होती. तरी संध्याकाळी गल्लीतली माणसे ओट्यासमोर जमली.

“पिसाळलंय ते,” शेजारी म्हणाला. त्याच्या हाताला फडके बांधलेले होते.

“पिसाळलेले नाही. भ्यालेले आहे.”

“भ्यालेलं चावलं तर दुखत न्हाई व्हय?”

मागून कुणी तरी म्हणाले, “बेलीफसाहेब, लोकांच्या घरांना लई कुलपं लावली तुमी. आता घरच्या कुत्र्याच्या तोंडाला लावा की एक.”

ते हसले. मी हसलो नाही. शेवटी मला बजावण्यात आले की पोळ्यापर्यंत कुत्रा गल्लीतून हलवावा, अन्यथा ते हलवतील. कसे, ते कुणी सांगितले नाही. आदल्या वर्षी उकिरड्याजवळ एक कुत्री तोंडाला फेस येऊन पडलेली मी पाहिली होती. विचारण्याची गरज नव्हती.

“शेतावर ऱ्हाऊ आपण,” पत्नी म्हणाली. “खोली हाय, बोअर हाय. पण वाट कुणाच्या दारावरून जाती, ते बघा.”

वाट चुलत भावाच्या आखाड्यावरून जाते. आखाडा म्हणजे त्याचे शेतातले घर आणि गोठा. गावातून निघालेली पाणंद त्याच्या अंगणाला घासून पुढे माझ्या सीताफळांच्या बागेत संपते. दुसरी वाट नाही. त्याच्याकडे दोन कुत्री: एक म्हातारी पांढरी मादी आणि तिचा दांडगा काळा मुलगा. जीपमध्ये घालून माझा कुत्रा शेतावर नेता आला असता. परंतु त्याची कुत्री रोज माझ्या बागेतून फिरतात. बांध माणसांसाठी असतो. ओळख न करता कुत्रा तिथे सोडला असता, तर पहिल्याच दिवशी उरलेला कान गेला असता, आणि कानावर भागले नसते.

चुलत भाऊ आणि मी बोलत नाही. त्याच्याविरुद्ध एका दाव्यात समन्स निघाले आणि बजावणीसाठी माझ्याकडे आले. मी गेलो तेव्हा त्याच्या मुलीचा साखरपुडा चालू होता. त्याने कागद घेतला नाही. घेतला नाही, तर पंचांसमक्ष दारावर चिकटवायचा असतो. मी चिकटवला. पाहुणे पाहत होते. त्याने कुत्रे सोडले. पोटरीवरची खूण अजून आहे. मी माझे काम केले होते, आणि आजही तसेच करीन. त्या दिवसापासून अबोला आहे.

आमच्याकडच्या अबोल्याला नियम असतात. समोरच्याशी बोलायचे नाही, पण त्याला ऐकू जाईल असे तिसऱ्याशी बोलायचे. तिसरे कुणी नसेल तर म्हशीशी, खांबाशी, कुत्र्याशी.

पहिल्या दिवशी मी साखळी, काठी आणि भाकरी घेऊन निघालो. दारातून पत्नी म्हणाली, “समन्स न्यायला निघाल्यावानी कावून निघता?” 

आखाडा दिसू लागतो तिथे एक बाभूळ आहे. बाभळीच्या पुढे गेलो तशी दोन्ही कुत्री अंगणातून उठून पाणंदीत आली. मी काठी उगारून “हाड” म्हणालो. माझा कुत्रा जमिनीला चिकटला. मी आणखी मोठ्याने “हाड, हाड” म्हणालो. तो उलटला आणि माझ्या धोतराचा सोगा त्याच्या दातांत आला. त्याला शांत करावे म्हणून हातातून पडलेला भाकरीचा तुकडा उचलायला मी वाकलो. रस्त्यात वाकलेला माणूस दगड उचलतो, हे प्रत्येक कुत्र्याला आईच्या दुधाबरोबर कळते. ती दोन्ही धावून आली. आम्ही परत फिरलो. परत फिरणे हा सौम्य शब्द आहे.

चुलत भाऊ अंगणात बाजेवर बसून सगळे पाहत होता. त्याने कुत्र्यांना आवरले नाही.

असेच आणखी काही दिवस गेले. एका सकाळी तो बाजेवरून पांढऱ्या कुत्रीशी बोलला.

“ऐकलं का गं? हाड हाड करत वळख करून द्यायला आलाय. त्या लेकराला वाटायलंय, मलाच हाकलायलेत. म्हणावं, आधी तुझ्या तोंडातलं हाड काढ, मग कुत्रं घेऊन ये.”

मी माझ्या कुत्र्याकडे पाहून म्हणालो, “चल. रस्ता सरकारी आहे. कुणाच्या सल्ल्याने आपण चालत नाही.”

“सरकारी म्हनं,” तो कुत्रीला म्हणाला. “मग सरकारलाच चावू दे.”

घरी आल्यावर मी पडताळा घेतला. अंगणात कोंबडी आली होती. तिच्याकडे पाहून “हाड” म्हणालो. कोंबडी हलली नाही. बाजेखाली झोपलेला कुत्रा जमिनीला चिकटला. पिलू असताना त्याला फाडले, तेव्हा सोडवायला आलेले लोक हेच ओरडत असणार. त्यांनी फेकलेले दगड सगळ्यांना सारखेच लागले असणार. तो शब्द ऐकला की आता आपल्याला फाडतील, एवढे त्याने शिकून ठेवले होते, आणि मी रोज त्याची उजळणी घेत होतो.

चुलत भावाचे म्हणणे बरोबर होते. मला ते मुळीच आवडले नाही.

काठी घरी ठेवली. साखळीऐवजी बैलाचा जुना कासरा घेतला, म्हणजे हिसका बसणार नाही. भाकरीचे तुकडे खिशात भरले, म्हणजे वाकावे लागणार नाही. शब्द बंद. जन्मभराची सवय जिभेवरून काढणे सोपे नसते. मी दात आवळून चालत असे. बाभळीशी थांबायचे. त्याने ती दोन कुत्री पाहावी, भाकरी खावी, आणि पोट जमिनीकडे जाण्याआधी आम्ही मागे वळावे. बाभूळ जमली की थोडे पुढे. बिघडले की पुन्हा बाभूळ. कासरा सैल ठेवायचा. हात ताणला की त्याची पाठ ताणते, हे पाहून मी हात सोडायला शिकलो.

तरी शेवटचा टप्पा जमेना. समोरासमोर आले की काळा भुंकायचा आणि माझा पडायचा. पोळा जवळ येत होता. शेजारी रोज ओट्यावरून विचारी, “मग, कुठवर आली बजावणी?”

तोडगा म्हशीमुळे निघाला. भुंकण्याच्या वेळी चुलत भाऊ धार काढत असे आणि म्हैस पान्हा चोरू लागली होती. एका सकाळी तो रिकामीच बादली घेऊन गोठ्यातून बाहेर आला. बादली आपटली. काळ्याला खांबाला बांधले. पांढरीच्या गळ्यात दोरी अडकवली आणि पाणंदीत उतरला. माझ्याकडे पाठ होती.

“चल गं,” तो तिला म्हणाला. “एकदाचं मिटव. या दोघांपायी दुधाचं वाटोळं व्हायलंय. मागं बघू नको. बघण्यासारखं काय न्हाई तिथं.”

तो चालू लागला, माझ्या शेताच्या दिशेने. मी मागून निघालो. तोंडे एकाच दिशेला होती, कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहत नव्हते. त्याला माझे तोंड पाहायचे नव्हते, मला त्याचे. कुत्र्यांना नेमके हेच हवे होते. पांढरीने कडेच्या गवतावर मूत्र सोडले आणि ती पुढे गेली. माझा कुत्रा तिथे पोहोचला, थांबला. बराच वेळ हुंगत राहिला. शेपूट पोटाखालून थोडे बाहेर आले.

“दोरी ताणायलाय बघ मागचा,” तो पुढूनच म्हणाला. त्याने वळून पाहिले नव्हते.

मी कासरा सैल केला. “आपल्याला कळते,” मी माझ्या कुत्र्याला सांगितले.

बागेशी पोहोचेपर्यंत दोन्ही कुत्री शेजारी आली होती, खांद्याला खांदा, अंगाला अंग न लावता. म्हातारीने त्याचा अर्धा कान हुंगला. तो चिकटला नाही. उभा राहिला. पाय थरथरत होते, पण उभा राहिला.

पुढच्या काही सकाळी तीच फेरी झाली, नंतर काळ्यालाही घेऊन. काळा एकदा गुरगुरला, तर म्हातारीनेच त्याला दाबले. त्या सर्व काळात चुलत भावाने मला उद्देशून एक अक्षर उच्चारले नाही. कुत्र्यांना मात्र माझ्याविषयी पुष्कळ सांगितले: मी सरळ चालत नाही, माझी चप्पल वाजते, सरकारने मला चालायला शिकवायला हवे होते. मीही माझ्या कुत्र्याला त्याच्याविषयी काही सांगितले. ते इथे लिहीत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही सामान शेतावर हलवले. पत्नी टेम्पोतून पुढे गेली. मी कुत्र्याला घेऊन पायी निघालो. शेजारी ओट्यावर होता. आम्ही गल्ली ओलांडेपर्यंत पाहत राहिला. बाभळीशी मी कासरा सोडला. आखाड्याची दोन्ही कुत्री उठली, जवळ आली, त्याला हुंगून परत गेली आणि सावलीत पडली. माझा कुत्रा त्यांच्या मागोमाग अंगणात शिरला आणि म्हशीच्या हौदात तोंड घालून पाणी पिऊ लागला.

त्याला आणायला म्हणून मी पाणंद सोडली आणि अंगणात पाऊल टाकले.

चुलत भाऊ बैलाची शिंगे रंगवत होता. त्याने मान वर केली. इतक्या वर्षांत प्रथमच सरळ माझ्या तोंडाकडे पाहिले.

“हाड,” तो म्हणाला.

कुत्र्यांपैकी कुणी हलले नाही. माझाही पीतच राहिला. मी पाऊल मागे घेतले आणि पाणंदीत उभा राहिलो. पाणी पिऊन झाल्यावर तो आपल्या सवडीने आला, आणि आम्ही निघालो.

खोलीपुढे पत्नी चूल मांडत होती. “काय बोलला का त्यो?” तिने विचारले.

“बोलला,” मी म्हणालो.