एमएस झाल्याचे पेढे

माझ्या साडूंच्या मते माणसाच्या शरीरात कामाचे अवयव दोनच. एक जीभ आणि दुसरा उजव्या हाताची पाच बोटं. बाकीचं सगळं म्हणजे या दोघांना ताटापर्यंत नेऊन पोचवण्यासाठी केलेली वाहतूक व्यवस्था. हे मत त्यांनी मला पहिल्याच भेटीत, माझ्याच घरी ऐकवलं. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, दोघी नागपूरच्या. साडूही नागपूरचे. आम्ही पुण्याचे, आणि आमच्याकडे आमटीत गूळ घालतात. साडूंनी पहिला भुरका मारला, वाटी खाली ठेवली, माझ्याकडे अतिशय सहानुभूतीने पाहिलं आणि विचारलं, “साडभाऊ, बासुंदीत डाळ काऊन टाकली?” आई त्यानंतर तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू मीच त्यांना शिकवून आणलं होतं.

हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या ते हे दिवस. तिथल्या एका कंपनीत साडू टेस्टर म्हणून लागले. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारा. मुलाखतीच्या शेवटी “तुम्हाला काही विचारायचंय?” असं साहेबांनी म्हटल्यावर माणसं पगार विचारतात, परदेशवारी विचारतात. यांनी कँटीनचा कंत्राटदार कुठल्या जिल्ह्याचा आहे ते विचारलं. घर मात्र घेतलं बिबवेवाडीत, आमच्या मागच्या गल्लीत, कारण कोपऱ्यावर एका नागपूरकराची सावजी खानावळ होती. त्यासाठी हा माणूस रोज चार तास कंपनीच्या बसमध्ये बसायचा. अन्नातल्या दोषांचे त्यांनी तीन वर्ग केले होते. पहिल्या वर्गाचा दोष असेल तर ताटावरून उठायचं, दुसऱ्या वर्गाचा असेल तर ताट संपवून तोंडावर सांगायचं आणि तिसऱ्या वर्गाचा असेल तर घरी जाऊन बायकोला सांगायचं. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात ते जेवण अर्धवट टाकून भटारखान्यात गेले आणि आचाऱ्याला पाच दोष क्रमवार सांगून आले. आम्ही सगळे मान खाली घालून बसलो. पण पुढच्या फेरीला जिलब्यांचं ताट घेऊन तो आचारी स्वतः आला, आणि थेट यांच्यापुढे उभा राहिला.

एका गुरुवारी त्यांचं खानावळवाल्याशी कडाक्याचं भांडण झालं. रश्श्यावर तेलाचा जो लालभडक थर तरंगतो, ती तर्री, फिकी पडली आहे, असं यांचं म्हणणं. “तिखट बदललं तुम्ही. पुण्यात राहून राहून पुणेकर होऊन राहिले.” नागपूरच्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. त्याने आतून तिखटाचा डबाच आणून यांच्यापुढे आपटला. शेजारचे चार जण म्हणाले, लालच आहे की हो. साडू उपाशी घरी आले. पण टेस्टरच तो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, रस्सा समोर ठेवला, आधी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. उजव्या डोळ्याने तर्री लाल दिसत होती, डाव्याने विटकरी. त्यांनी आधी खानावळवाल्याची माफी मागितली आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

तिथून मेंदूच्या डॉक्टरांकडे, तिथून तपासण्या. मी बरोबर होतो. मी कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचो, त्यामुळे यादी केल्याशिवाय मला घराबाहेर पडता येत नाही. वहीत ‘कारण’ आणि ‘उपाय’ असे दोन रकाने आखून नेले होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडायला लागते. का, ते नक्की कुणालाच माहीत नाही. औषधांनी वेग कमी होऊ शकतो, बरा होत नाही. दोन्ही रकाने कोरे घेऊन मी परत आलो. रिक्षात साडूंनी तपासण्यांची पाकिटं मांडीवर नीट रचली. मग म्हणाले, “जीभ शाबूत राहील म्हणाले ना ते?” डॉक्टर असं काहीच म्हणाले नव्हते. मी “हो” म्हणालो.

या आजाराला थोडक्यात एमएस म्हणतात, आणि इथेच घोटाळा झाला. त्या काळी पुण्यात प्रत्येक सोसायटीत कुणाचा ना कुणाचा मुलगा एमएस करायला अमेरिकेला गेलेला असे. माझ्या मेहुणीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, आमच्या ताईंनी, जिन्यात तळमजल्यावरच्या काकूंना कसंबसं सांगितलं, “ह्यांना एमएस झालंय.” काकूंनी ‘ह्यांचं’ ऐकलं. “अगं बाई! या वयात? नोकरी सांभाळून? अभिनंदन सांग हो. आणि पेढे कुठायत?” ताई वर येऊन रडत बसल्या. साडू मात्र उठले, शर्ट घातला, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसलेल्या मला बरोबर घेतलं आणि दीड किलो पेढे आणून चारही मजल्यांवर वाटले. काका लोकांनी विचारलं, कुठल्या युनिव्हर्सिटीचं? “घरबसल्याच झालं जी,” साडू म्हणाले. परतताना मी चिडून विचारलं, हे काय चालवलंय? म्हणाले, “खरं सांगितलं असतं तर सगळे केळी घेऊन भेटायला आले असते. मला केळी आवडत नाहीत.” खोक्यात चार पेढे उरले होते, ते आम्ही दोघांनी जिन्यात बसून खाल्ले.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. सायबर कॅफेत तासन्‌तास बसून छापील कागदांची चळत आणली. एक म्हणे गहू सोडा, दुसरा म्हणे दूध सोडा, तिसरा म्हणे तेल-तूप विसरा. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, ताजं, चौरस खाऊ द्या, वजन सांभाळा, यापलीकडे खात्रीने काही सांगता येत नाही. मला खात्री हवी होती. मी सात दिवसांचा तक्ता केला, सकाळपासून रात्रीपर्यंत, जवस आणि पालेभाज्यांसकट, आणि त्यांच्या फ्रिजवर लावला. साडूंनी तो चष्मा लावून वाचला. “रोग मला खाऊन राहिला, साडभाऊ. त्याच्या पंगतीत मीच तेवढा उपाशी बसू?” तरी ताईंच्या धाकाने त्यांनी तो दोन वर्षं पाळला, फक्त रविवार सोडून. त्या दोन वर्षांत काठी आली. मी तक्ता सुधारला. काठीची चाकाची खुर्ची झाली. मी तक्ता पुन्हा सुधारला. शेवटी एके दिवशी मीच तो फ्रिजवरून काढला, आणि साडूंनी तो गेल्याचं लक्षात आल्याचं दाखवलंसुद्धा नाही.

त्यानंतर माझी एकच यादी त्यांच्या उपयोगी पडली. कुठल्या खानावळीला किती पायऱ्या आहेत ती. उन्हाळ्यात अंग तापलं की त्यांना धूसर दिसायचं, पाय लाकडाचे व्हायचे, म्हणून ते बर्फाच्या पाण्याच्या बादलीत पाय सोडून रस्सा खायचे. वर कपाळाला घाम, खाली हुडहुडी. “नागपूर आणि काश्मीर एकाच तिकिटात,” म्हणायचे. नोकरी सुटली होती. ताई शिकवण्या घेत होत्या. हसवायचं काम मात्र त्यांनी सोडलं नव्हतं, आणि आम्हीही हसायचं सोडलं नव्हतं, कारण थांबलो असतो तर काय बोलायचं हा प्रश्न होता.

मग बोटांना बधिरपणा आला. एकदा वाफाळत्या भातात हात घालून ते बोलत बसले. ताईंनी पाहिलं तेव्हा बोटांना फोड आले होते आणि यांना पत्ता नव्हता. मी जाड दांड्याचा चमचा आणला. त्यांनी तो परत केला. “चमच्याने औषध घेतात, जी. जेवत नाहीत.” भरवू द्यायलाही तयार नव्हते. “ज्या दिवशी दुसऱ्याच्या हातून खाईन, त्या दिवशी मी संपलो.” हे मात्र हसत म्हटलं नव्हतं. त्यामुळे जेवढं हाताने जमेल तेवढंच खायचे. पोळी तुटेनाशी झाली, पोळी बंद. भाकरी बंद. वजन उतरत चाललं. मी दर रविवारी ते लिहून ठेवत होतो आणि मागचा आकडा पाहायचं टाळत होतो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ताईंनी गोळाभात केला. डाळीचे वाफवलेले गोळे गरम भातात कुस्करायचे, वरून हिंग-मोहरीची फोडणी ओतायची आणि कालवायचं, हा त्यांचा सगळ्यात आवडता पदार्थ. मी, माझी बायको, ताई आणि ते. साडूंनी गोळ्यावर बोटं ठेवली. दाबली. गोळा ताटातून निसटून मांडीवर पडला. ताईंनी उचलून ठेवला. पुन्हा दाबली. या वेळी बोटं वळलीच नाहीत. ते हाताकडे बघत राहिले, कुणा परक्याच्या हाताकडे बघावं तसे. ताई उठून ओट्याकडे गेल्या आणि उगाचच नळ सोडला.

मी कधी भात नीट कालवला नाही. बोटं बरबटतात म्हणून मी आयुष्यभर चमच्यानेच जेवत आलो. मी चमचा ताटात ठेवून त्यांच्या हाताकडे बघत होतो.

“साडभाऊ,” ते म्हणाले. “हात धुतले आहेत ना?”

“हो.”

“मग बघत काय राहिले? कालवा. आमटीसारखं नका कालवू. गोळा पुरता मोडायचा नाही. दाताखाली आला पाहिजे.”

मी कुस्करायला लागलो. “हळू जी, सिमेंट नाही ते.” मग “तेल खाली राहिलं, वर घ्या.” मग “आता बस.” मी घास केला. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. घास पुरता गिळून होईपर्यंत खोलीत कुणी हललं नाही. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी डाव्या हाताने पुसलं, कारण उजवा खरकटा होता.

“नखं टोचून राहिली तुमची,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी कापून या.”

आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.

आता त्यांना बहुतेक सगळं पातळच द्यावं लागतं, आणि बोलणंही एका-दोन शब्दांवर आलं आहे. दर शनिवारी संध्याकाळी मी गॅलरीत बसून नखं कापतो. उजव्या हाताची आधी.