आबांची खुर्ची अजून मागे

माझी भाची अर्पिता परतूरची. पुण्यात शिकली, तिथेच नोकरीला लागली आणि सगळे नको नको म्हणत असताना वडीगोद्रीत आली. इथे हायवेला लागून अंगद नावाच्या पोराने स्टार्टअप कंपनी काढली आहे. शेतकरी फोन करतात, कंपनीतल्या मुली त्यांना खत, फवारणी, हवामान सांगतात. मुली म्हणजे गावच्याच शिकलेल्या सुना. त्यांना नोकरी सुखाची व्हावी, हे बघणं अर्पिताचं काम. त्याला ती डिझाइन थिंकिंग म्हणते. म्हणजे काय गं, विचारलं तर म्हणाली, "आत्या, आधी माणसाजवळ बसायचं, त्याला नेमकं कुठं खुपतंय ते बघायचं. मग स्वस्तातला उपाय करून पाहायचा. फसला तर दुसरा." एवढ्याला इंग्रजी नाव कशाला, म्हटलं. नुसती हसली. हसते फार गोड, कबूल काही करत नाही.

अडचण अशी होती की मुली फोनवर पुटपुटायच्या. शेतकरी वैतागून फोन ठेवायचे. अंगदने शहरातून आत्मविश्वास शिकवणारा माणूस आणला. त्याने सुनांना टाळ्या वाजवायला लावल्या. अर्पितानेही कमी केलं नाही. बसायला गुबगुबीत गाद्या आणल्या, वाढदिवसाला केक कापले. काही त्रास आहे का, विचारलं की सगळ्या म्हणायच्या, "बराबर आहे मॅडम." आणि त्यांच्यातली सगळ्यात हुशार शालू एके दिवशी म्हणाली, "मी सोमवारपासून येणार न्हाई."

अंगद म्हणाला, "शालू गेली की बाकीच्याही जातील. मंग हापिस संभाजीनगरला हलवू." तिकडे या सुनांना कोण पाठवणार होतं?

तेव्हा कुठे अर्पिता ताळ्यावर आली. शालूशेजारी खुर्ची टाकून दिवसभर गप्प बसली. गप्प बसणं तिला जन्मात जमलेलं नाही, पण बसली. शालू फोनवर चांगली खणखणीत बोलत होती. तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. शालूचा हात पदराकडे गेला आणि आवाज पार खाली गेला.

बाहेर कारभारी आबा होते. कंपनीचे वॉचमन, आणि भावकीच्या नात्याने निम्म्या सुनांचे सासरे. सुनांजवळ जायचं तर आधी खाकरायचं, ही त्यांची रीत. मग ते दारातच खुर्ची टाकून बसायचे. सासरा ऐकत असताना परक्या पुरुषाशी मोठ्याने बोलणार कोण?

"आधी सांगितलं का नाहीस?" अर्पिताने विचारलं.

"आबांची तक्रार करू मी? घरी काय तोंड दाखवू?"

अर्पिताने त्याच दुपारी आबांना मागच्या गोदामाकडे बसवलं. विचारलं नाही, कारण सांगितलं नाही. घाई आमच्या घराण्यातच आहे.  आबा संध्याकाळी किल्ल्या टेबलावर ठेवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी हापिसात एकही सून नाही! अर्पिता शालूच्या घरी गेली तर सासू गोपिकाबाई दारातच उभ्या. "आबा व्हते म्हणून पाठवत व्हतो. आता कोणाच्या भरवशावर पाठवू?"

मग अर्पिता आबांकडे गेली. "चुकलं माझं. पण आबा, तुमच्यासमोर पोरींचा आवाज निघत नाही."

आबांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "मी काय त्यांचं वाईट करून राह्यलो का?"

"नाही हो. तुम्ही दिसायला पाहिजेत. फक्त त्यांचं बोलणं तुम्हाला ऐकू यायला नको."

"मंग काय भैरा होऊ?"

"खुर्ची हलवून बघू."

आबा स्वतः गोपिकाबाईंकडे गेले आणि शालूला घेऊन आले. शालू आत, आबा बाहेर प्लास्टिकची खुर्ची धरून, अर्पिता मधे दारात. शालू पिकावरच्या एखाद्या किडीचं नाव घ्यायची आणि अर्पिता विचारायची, "आबा, काय म्हणाली?"

"मावा म्हणली!"

"मागे!"

"बोंडअळी म्हणली!"

"अजून मागे!"

असं करत म्हातारा रस्त्यापलीकडच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत गेला. पंक्चरवाला म्हणाला, "आबा, कंपनीनं हाकललं का काय?"

"चूप बैस. महत्त्वाचं काम चाललंय."

आता अर्पिताने घसा ताणून विचारलं तरी आबा नुसता हात हलवत होते. मधून ट्रक जात होते. कंपनीचं दार मात्र तिथून सरळ दिसत होतं. गोपिकाबाई येऊन त्या खुर्चीत बसून खात्री करून गेल्या. आपण आत यायचं ते जेवणाच्या सुट्टीतच, हे आबांनीच ठरवलं, आणि आपल्यासाठी छत्री मागून घेतली.

सोमवारी सगळ्या सुना कामावर आल्या. अंगद भीत भीत शालूच्या टेबलापाशी आला. "मंग, राहता का जाता?"

शालूने हातानेच त्याला गप्प केलं. फोनवर एक शेतकरी भर वाऱ्यात फवारायला निघाला होता. "अजिबात न्हाई! पंप खाली ठेवा आधी. ठेवला का? मंग सांगते."