भारा टेकवायचा कट्टा

माझं माहेर त्र्यंबकेश्वरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. तिथल्या जुन्या पाऊलवाटेवर पर्यटक आणायचे गावानं ठरवलं, तेव्हा वाट दाखवायला मला बोलावलं. मी नाशिकला गंगापूर रोडला राहणारी, रोज सकाळी मैत्रिणींबरोबर फिरायला जाणारी, म्हणजे मला यातलं कळतं असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. काय सांगू, उन्हाची टोपी घालून निघाले मी सगळ्यांच्या पुढे.

अर्ध्या चढावर एक दगडी कट्टा होता, छातीएवढा उंच. वाट दुरुस्त करायला बरोबर घेतलेल्या गावातल्या गवंड्याला म्हटलं, शहरातली माणसं इथे दमणार, हा बसण्याजोगा खाली घ्या. तो म्हणाला, राहू द्या ना आत्या. मी ऐकलं नाही. त्यानं कट्टा गुडघ्याएवढा केला, वर फरशी बसवली. छान दिसत होता, खोटं कशाला बोलू.

पुढच्या रविवारी मैत्रिणींना घेऊन गेले. आम्ही फरशीवर चिवडा खात बसलेल्या, तेवढ्यात वरून माझी वहिनी आली, भावाची बायको. डोक्यावर गवताचा भारा. आमच्यापाशी येऊन नुसती उभी राहिली. मान थरथरत होती तिची.

तेव्हा मला आठवलं. डोक्यावरचा भारा सरळ पुढे सरकवून टेकवायचा, दम खाल्ला की त्याखाली डोकं घालून एकटीनंच परत घ्यायचा, म्हणून तो कट्टा तेवढा उंच. लग्नाआधी मी स्वतः तिथे किती भारे टेकवले असतील! आणि मीच विसरले. हे आठ दिवस वहिनी भारा कुठेही न टेकवता खालपर्यंत आणत होती.

उठून तिचा भारा उतरवला. आणि मैत्रिणींसमोर बोलून गेले, कामावरच्या माणसांना काही कळत नाही बघ.

वहिनी तोंड पुसत म्हणाली, "गवंडी तुमचं नाव घेत होता, वन्सं. लय भांडले मी त्याच्याशी. म्हटलं, आमच्या वन्सं आसं नाय करायच्या."

मी फरशीवरचा चिवड्याचा कागद चुरगाळला.

"मीच सांगितलं त्याला," म्हटलं.

तिनं पदर खोचला. म्हणाली, "उचलू लागा."

भारा डोक्यावर चढवायला तिघीजणी लागलो. मैत्रिणींना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. टोपी पिशवीत कोंबली आणि वहिनीच्या मागोमाग गवंड्याच्या घराकडे उतरायला लागले.